दांडा

धात्रक हवालदारांनी टेबलावर कॅटलॉग पसरले,
चहाचे जुने डाग त्यांखाली झाकले गेले.
"बाई, तुम्ही सातपूरला तीस वर्षं इन्स्पेक्शनला.
लोखंड तुम्हाला कळतं. सांगा, कोणता प्रेस घेऊ?"

पाथर्डीच्या पलीकडे क्लबची खोली.
भिंतीवर परवान्याची फ्रेम, खाली वाळूची बादली,
आणि गोणीत पुंगळ्या,
पॉइंट फोर फाइव्हच्या, अंगठ्याएवढ्या जाड,
तोंडाशी काजळलेल्या.

बंदूक मी कधी हातात धरलेली नाही.
पितळ धरलंय.
बाप तांबट गल्लीत हंड्यांना ठोके घालायचा,
त्या आवाजात मी पाढे पाठ केले,
म्हणून सतराचा पाढा अजून
ठणठण असाच येतो.

पुण्याच्या माणसाने तीन नमुने ठेवून दिलेले.
पहिला पाच घरांचा, चकचकीत, निळा.
दांडा एकदा ओढला की पाच कामं एकदम:
एकीकडे टोपी बसते, एकीकडे दारू पडते,
एकीकडे गोळी,
आणि शेवटी तयार काडतूस डब्यात टण्ण.
"तासाला चारशे," हवालदार म्हणाले,
लग्नातल्या पंगती मोजाव्यात तसे.

दुसरा फिरत्या माथ्याचा.
माथा बोटाने हलवून पाहिला,
हलला. मी काही बोलले नाही,
फक्त डायल लावली: सहा शतांश.
हवालदारांनी चष्मा पुसला.

तिसरा जुना, एकखणी, ओतीव बिडाचा,
कोणा निवृत्त मेजरच्या घरून आलेला.
रंग उडालेला, दांड्याची मूठ
कुणाच्या तरी तळव्याने गुळगुळीत केलेली.
बोटाच्या पेराने ठोकला, आवाज बसका, भरीव.
बापाचं घर आठवलं.

बार उडाला की पितळ फुगतं.
मोठी पुंगळी तर जास्तच, हट्टाने फुगते.
तिला परत मापात आणायला
दांडा लांब हवा, बूड जड हवं,
आणि ओढणाऱ्याला घाई नको.

"पण रविवारी मॅच असते बाई,
दीडशे तरी लागतात."
मग मी विचारलं, दारू पडली का नाही,
हे त्या निळ्यात कोण बघतं?
"मशीन बघते."
आणि दोनदा पडली तर?

हवालदार गप्प झाले.
त्यांच्या डाव्या हाताची करंगळी
मधल्या पेरापाशीच संपते,
मी आजवर विचारलं नव्हतं, तेव्हाही नाही विचारलं.
दारू दोनदा पडली की
नळी काय, घर काय,
फुटायचं ते फुटतंच.
हे मला कॅटलॉग न वाचता माहीत आहे.
आमच्याकडे दुसरी पडायची रात्री साडेनऊनंतर.

तिसरा बाकावर बोल्टांनी आवळला.
एक पुंगळी ठेवली, दांडा खाली आणला.
तळहाताला कळलं:
पितळ आधी नाही म्हणतं,
मग थोडं थांबतं,
मग येतं.
निळ्याच्या दांड्यात हे काही कळत नव्हतं,
पाच जणी एकदम बोलत होत्या.

"हाच?" हवालदारांनी विचारलं, जरा नाराजीने.
हाच.
"मग रविवारचं काय?"
रविवारसाठी शुक्रवारपासून बसा.

पन्नास पुंगळ्या लाकडी पाटात उभ्या केल्या.
त्यांनी मोजून एकेकीत दारू ओतली,
मी टॉर्च घेतला,
शाळेत डॉक्टर घसे तपासायचे तसं
प्रत्येकीच्या तोंडात डोकावत गेले.
सगळ्यांत पातळी सारखी.
एकोणचाळिसावीत जरा शंका आली,
ती रिकामी करून परत भरायला लावली.
हवालदार पुटपुटले,
पण भरली.

बाहेर सव्वासहाची बस हॉर्न देऊन गेली.
पावणेसातची आहे.
चाळिसावी.