दोनशे चाळीस डॉलरची

हॉलिसच्या दुकानात भिंतीभर बंदुका,
खाली करवती, गिटारी, कुणाचं तरी लग्नातलं घड्याळ.
मी म्हटलं, टर्कीसाठी हवी.
आणि खुराड्याशी रॅकून येतो, त्याच्यासाठी.
पानगळीत खारी. तळघराच्या पायरीवरचा साप.
आणि रात्री फाटकाबाहेर एक गाडी थांबते,
दिवे विझवते, मग निघून जाते,
हे मात्र मी बोलले नाही.

"म्हणजे एकच हवी, सगळ्याला चालणारी,
आणि स्वस्तात," हॉलिस म्हणाला.
"डेल्फिया, माणसं लग्न करतात ती याच आशेवर."

आधी त्यानं नवी कोरी काढली,
दस्त्यापासून टोकापर्यंत पानं छापलेली.
नऊशे डॉलर. मी पानं निरखली:
या झाडाचं आमच्या डोंगरात एक रोप नाही.
मग बारा बोअरची, पंपवाली, जड, इमानी.
खांद्याला लावली आणि खांदा बोलला.
अकरा वर्षं मी कारखान्यात कोंबड्या टांगल्या
उलट्या, आकड्याला, मिनिटाला बावीस.
त्या खांद्याला आता नवे धक्के नकोत.

अंथरूण पाहून पाय, तसा हात पाहून दस्ता.
माझा हात आखूड. मेल्या नवऱ्याची बंदूक
म्हणून तर मुलानं विकली, मला न विचारता,
"तुला ती पेलायची नाहीच" म्हणत.

कोपऱ्यात एक होती. वीस बोअरची.
दस्ता कुणीतरी घरीच कापलेला, सरळही नाही,
तळाशी चाकूनं कोरलेल्या तीन खाचा
आणि ए. टी.
हे अक्षर मला माहीत होतं.
आर्व्हिल टॅकेट. त्याच्या बायकोचं इन्सुलिन
बंदुकीपेक्षा महाग, हे सगळ्या खोऱ्याला माहीत.
"कुणाची?" मी तरी विचारलं.
"या दारातून आत आली की कुणाचीच नसते."

फॉर्म भरला. फोन लावला. सरकारनं मला ओळखलं.
दोनशे दहा रोख, उरलेले तीस अंड्यांत,
दर रविवारी दोन डझन, फिटेपर्यंत.

घरी मी ओटच्या खोक्यावर कोळशानं
टर्कीची मान काढली. वाईट काढली, बदकासारखी.
चाळीस पावलांवर कुंपणाला टांगली.
छर्रे सगळे डावीकडे, बोटभर.
नळी बदलायची ऐपत नाही,
तेव्हा मीच बोटभर उजवीकडे बघायला शिकले.
पाच काडतुसं त्यात गेली. काडतुसंही फुकट येत नाहीत.

एप्रिलमध्ये, डॉगवुड पांढरा होता होता,
ओकला पाठ टेकून अंधारात बसले.
टाळूला चिकटवलेल्या रबरी चकतीतून
मादीसारखी कुरकुरले.
खालच्या ओढ्यातून तो घोगरा ओरडला,
मग तासभर काही नाही. पाय बधिर.
मग आला, शेपूट उघडून,
पत्रावळीसारखं गोल, तांब्याच्या झाकेचं,
डोकं लाल, निळं, पांढरं, जणू झेंडा नुकता धुतलेला.
मी बोटभर उजवीकडे बघितलं.

एकोणीस पौंडांचा. एक वाजता शिकार बंद होते,
मी दहालाच घरी.

संध्याकाळी एक तंगडी कागदात गुंडाळून
आर्व्हिलच्या ओसरीवर गेले. बंदूक गाडीतच ठेवली.
त्यानं तंगडी हातात तोलली, काही विचारलं नाही.
आतून बायकोचा खोकला, टीव्हीवर हवामान.
बऱ्याच वेळानं, अंगणाकडे बघत, म्हणाला,
"जरा डावीकडे ओढते ती.
हॉलिसला मी सांगितलं नव्हतं."

"बोटभर," मी म्हटलं.

"बोटभर," तो म्हणाला,
आणि सरकून पायरीवर मला जागा दिली.