दोन ओळींचा पत्ता

सात चारला इगतपुरीकडून उगवेल,
सात आठला चांदवडच्या डोंगरांमागे जाईल,
असं पत्ता सांगतो.
मी पवननगरच्या गच्चीवर, पालथ्या बादलीवर.
पाण्याच्या टाकीवर लॅपटॉप,
हातात झाडूचा दांडा आणि त्याला चिकटपट्टीनं बांधलेला एलएनबी.
डिश भंगारात गेली. हा तेवढा राहिला.

पंचवीस वर्षं या कॉलनीत मी केबल ओढली,
गच्चीवरून गच्चीवर, शेवग्याच्या फांदीतून,
एकदा तर भालेरावांच्या बाळंतिणीच्या खिडकीतून.
शिडी धरायला योहान साळवे, शरणपूरचा.
आठशे चाळीस जोडण्या होत्या.
आता एकसष्ट.
पोरं म्हणतात, काका, वायर कशाला, आता नेट वरून येतं.
म्हटलं, बघू तरी
कोण येतं ते.

त्याचा पत्ता दोन ओळींत मावतो. नुसते आकडे.
गल्ली नाही, जिन्याखालचं डावं दार नाही,
कुत्रं बांधलेलं असतं का, तेही नाही.
आणि दोन-तीन दिवसांत शिळा होतो.
माझ्या वहीतले पत्ते टिकले,
त्यातली माणसं गेली तरी.

उंची साडेपाचशे किलोमीटर.
म्हणजे नागपूरपेक्षा जवळच की,
फक्त रस्ता उभा.
नाशिक ते सिन्नर चार सेकंदांत.
योहान म्हणाला, शिंद्याचा टोल चुकवत असणार.

स्क्रीनवर जे सरकत राहतं त्याला धबधबा म्हणतात.
उन्हाळ्यात सोमेश्वरला असतो तसला,
नुसता निळा ओघळ.
मग त्यात एक पांढरी रेघ येते, तिरपी.
येताना सूर चढा, जाताना उतरलेला,
हायवेच्या पुलावरून एखादा ट्रक
हॉर्न दाबून धरतो ना, इकडून तिकडे, तसा.
बातम्या नाहीत, मालिका नाही, एक शब्द नाही.
फक्त 'आहे'.
खांबावर चढून वायरच्या टोकाला मीटर लावायचो,
तेव्हा मलाही एवढंच हवं असायचं.

दिवाळीतला पत्ता मी मुद्दाम बदलला नाही.
त्या पत्त्यावर तो लवकर येऊ लागला.
आधी दोन सेकंद. मग अकरा. मंगळवारी दीड मिनिट.
मला वाटलं घड्याळ बिघडलं.
लॅपटॉपचं, मोबाइलचं, भिंतीवरचं,
तिन्ही एकदम?
मग शोधून शोधून वाचलं :
तो खाली येतोय.
खाली येणारा रखडत नाही, त्याचा वेग वाढतो,
आणि एके दिवशी हवेत जळून जातो.
साठीपर्यंत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
माझ्या ओळखीतले जे जे खाली आले
ते रेंगाळत आले,
पायरी पायरीवर बसून,
हिशेबाची वही मांडीवर घेऊन.

म्हणून आज पावणेसातपासूनच बसलोय.
दांडा नैऋत्येला. मनगट भरून आलंय.
सहा अठ्ठावन्न. धबधबा निळाच.
फोन वाजतो.
उत्तमनगरच्या गांगुर्डेबाई :
चित्राचे चौकोन होतायत हो, सातची मालिका आहे.
म्हटलं, दहा मिनिटं द्या.
त्या म्हणाल्या, दहा मिनिटांत तिचा नवरा परत येणार आहे,
सात वर्षांनी.

दांडा टाकीच्या पाइपाला सुतळीनं बांधला.
लॅपटॉप चालूच ठेवला. रेघ उमटली तर उमटो.
स्कूटर, शिडी, पक्कड.
बाईंच्या गॅलरीत कनेक्टर हिरवा पडला होता,
कापला, सोलला, नवा बसवला.
आतून आवाज आला : आला, आला!
नवरा की चित्र, विचारलं नाही.

शिडीवरून उतरताना वर पाहिलं.
अंबडच्या धुरावरून एक ठिपका निघाला होता,
न लुकलुकता, घाईत.
तोच असेल असं नाही. वर हजारो आहेत,
आणि मला ओळखता येतो तो फक्त त्याच्या तिरप्या रेघेनं.
तरी मान वळत गेली,
इगतपुरीकडून चांदवडकडे.

काय बघताय, बाईंनी दारातून विचारलं.
मी म्हटलं,
लाइन.