डावीकडचं झाड

रात्री साडेदहाला लाइन आली.
आधी पंखा कुरकुरला, मग राउटरचा दिवा,
मग उगाच शेजारच्या डवरेंचं कुत्रं.

माझा एडिटर काळा, मुका.
एका वेळी एकच फाइल दाखवतो,
बाकीच्या कुठे आहेत ते आपण लक्षात ठेवायचं.
तीन महिने ठेवलं.
दिग्रसच्या जिनिंगवाल्याचं काम आहे,
काट्यावरच्या पावत्या, गाड्यांचे नंबर, ओलाव्याची कपात.
पावती. पावती_नवी. पावती_नवी_खरी.
कोणती खरी ते मलाच विचारावं लागतं
आणि मी सांगत नाही.

शारिक फोनवर म्हणाला, "प्लगिन टाक नं बाई,
डावीकडे झाड उगवते. समद्या फायली फांदीले."

एक्क्याऐंशी टक्क्यांवर डाउनलोड थांबलं.
मोबाइल खिडकीच्या गजाला बांधला,
टॉवरच्या दिशेने, थोडा तिरका.
मग आलं सगळं.
कॉन्फिगमध्ये दोन ओळी लिहिल्या.
एडिटर म्हणाला, चूक आहे, ओळ चाळीस.
चाळिसाव्या ओळीत माझं काहीच नव्हतं.
एकोणचाळिसाव्या ओळीत एक अवतरणचिन्ह उघडं होतं,
कोंडवाड्याचं फाटक राहावं तसं,
आणि पुढची सगळी जनावरं रानात.

लावलं. जागेची लांब कळ, मग ई.
डावीकडे तीस अक्षरं रुंद
झाड उभं राहिलं.

बाबा पाणी प्यायला उठले होते.
एकतीस वर्षं कोतवाल. सज्जावरचं कपाट त्यांचं.
तलाठी येत, बदलून जात;
कोणता फेरफार कोणत्या बस्त्यात
ते बाबांना विचारायचे.
वाचायला अडखळत. गाठ पाहून सांगत.
लाल फडक्याला दुहेरी गाठ म्हणजे पीकपेरा,
सुटी शेंडी म्हणजे वाटणीचं भांडण.
मग तालुक्याहून एक गाडी आली, सगळे बस्ते घेऊन गेली,
सगळं मशीनमध्ये घालू म्हणाले.
बाबांना गाठी सोडायला लावल्या.

ते स्क्रीनकडे वाकले. "हे काय व्हय?"
"झाड."
"मूळ वरते अन् फांद्या खाली?"
"असंच असते कॉम्प्युटरचं."
"अन् ह्या चौकटी? रिकाम्या?"
"चित्रं आहेत, फॉन्ट नाही आपल्याकडे."
"हं," म्हणाले, जणू सज्जावरही तेच होतं.

मी एक फांदी उघडली, मिटली.
त्यांना आवडलं ते. पुन्हा कर म्हणाले.
मग मी मोठा आय दाबला
आणि झाडात सात नव्या फायली उतरल्या,
नावाआधी एक टिंब लावलेल्या, राखाडी.
"ह्या कुठी होत्या?"
"इथंच. लपलेल्या असतात. गरज पडली की पाहायच्या."

बाबांनी पेला खाली ठेवला नाही.
"एक मी बी लपवली होती," म्हणाले.
"नोटीस. हजर राहा म्हनून.
दारात गेलो तं मांडव पडला होता, पोरीले हळद लागत होती.
मले पाहून बापानं गुळाचा खडा देला हातात.
मंग थे कागद काहाडाले नाही जमलं.
पीकपेऱ्याच्या बस्त्यात ठेवला, तीन दिवस.
पोरगी गेली, मंग देला."
"कोणाकडे होतं लग्न?"
ते हसले. एकतीस वर्षांत
एवढंच त्यांनी कुठे लिहू दिलं नव्हतं.

पुन्हा मोठा आय.
राखाडी सात ओळी गेल्या,
झाड जरा आखडलं.

"गाठ कोनती देली याले?"
जागेची कळ, मग ई, मी सांगितलं.
त्यांनी स्वतः दाबून पाहिलं, दोन बोटांनी, जोरात,
फडक्याची शेंडी ओढावी तसं.
झाड गेलं. झाड आलं.
"पक्की हाय," म्हणाले,
आणि तो पेला, भरलेलाच, घेऊन
झोपायला गेले.

बाराला लाइन जायची होती.
मी पावती_नवी_खरी उघडली.