दिवस दुसरा

राम मारुती रोडला, चपलांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर
मी युरोप लिहिते.
न पाहिलेला. मराठीत, ए-फोर कागदावर, पाठपोट.

दिवस पहिला: लिस्बनला आगमन, आराम, जैन जेवणाची सोय.
दिवस दुसरा: बेलेमचा बुरूज, जेरोनिमोसचा मठ,
भूकंपात छप्पर गेलेलं कार्मोचं चर्च,
टेकडीवरचा किल्ला
(गुडघे दुखत असल्यास खालीच थांबून कॉफी).
प्रत्येकाआधी 'ऐतिहासिक' नाहीतर 'मनोहारी',
आलटून पालटून,
आमटीत मीठ-गूळ पडावं तसं.

बुकिंगला आले खारेगावचे दौलत केणी.
निवृत्त हवालदार, ठाणे सेंट्रल जेल, एकतीस वर्षं.
मुलानं पैसे भरलेले. म्हणाला म्हणे, बाबा, जग बघा.
त्यांनी पत्रक वाचलं बोट ठेवून, समन्स वाचावं तसं.

हा बुरूज पाण्यात आहे?
नदीत, काठाला.
खाली कैदी ठेवायचे?
मला माहीत नव्हतं. शोधलं. ठेवायचे.
मग भरतीचं पाणी आत येत असणार.
शोधलं. येत असे.
त्यांनी मान हलवली,
हरवलेल्या नातलगाचा पत्ता लागल्यासारखी.

'आपला पण त्यांनीच बांधायला घेतलेला,'
आमच्या खिडकीतून जेल दिसत नाही
तरी त्यांनी बरोबर तिकडे हात केला.
'मग पेशव्यांचा झाला, मग इंग्रजांचा, मग आमचा.
बुरजावर ड्युटी असायची, पण तोंड आत.
बाहेर बघायचं नाही.
खाडी एवढी जवळ, नुसता वास यायचा.'
मग आवाज खाली आणून, फॉर्मवर सही करता करता,
'तिथं वर गेल्यावर
बाहेर बघू देतात का?'

पुढचं निनादकडून कळलं, आमचा टूर मॅनेजर.
केणीकाका प्रत्येक थांब्यावर माणसं मोजायचे.
जोडी-जोडीनं. बेचाळीस. गिनती बरोबर.
पहिल्या दिवशी लोक हसले,
दुसऱ्या दिवशी ते म्हणेपर्यंत ड्रायव्हरही बस काढेना.

बेलेमला सगळे गच्चीवर,
वारा, ओढण्या, फोन धरलेले हात, खाली रुंद तेजो नदी.
निनादनं मोजले. एक्केचाळीस.
पुन्हा मोजले.
मोजणाराच कमी होता.

ते तळघरात सापडले.
ठेंगणं छत, म्हणून मान तिरकी,
तळवा भिंतीवर टेकलेला,
ओल कुठवर चढली असेल ते बघत.
'छातीपर्यंत,' म्हणाले. 'बसलेल्या माणसाच्या गळ्यापर्यंत.'
तिथली रखवालदार बाई जुडगा हातात घेऊन उभी,
घाई न करता.
काकांनी बोट दाखवलं: चावी.
शाव, ती म्हणाली.
दोघांनी तो शब्द एकदा-एकदा पुन्हा उच्चारला,
मग तिनं दार लावलं.

वर गेले की नाही?
गेले, म्हणाला निनाद, शेवटची दोन मिनिटं.
काय म्हणाले?
'खाडीच आहे. जरा मोठी.'

परवा पत्रकातून मी 'मनोहारी' काढला,
लिहिलं: तळघरही पाहावे, छत ठेंगणे आहे.
साहेबांनी तळघर काढलं, मनोहारी परत घातला.
ठीक आहे. साहेब गुडघ्यांचाही विचार करतात.

दुपारी डबा खाऊन त्या बाजूला गेले होते,
कामाशिवाय.
भिंतीच्या सावलीत बायकांची रांग,
हातात चिठ्ठ्या, पिशव्यांत कपडे.
इथं तिकीट नाही. मुलाखत असते, मिनिटं मोजून.
एकीच्या कडेवरचं पोर मान मागे टाकून वर बघत होतं,
मीही बघितलं.

बुरजावर एक माणूस होता.
त्याची पाठ दिसत होती.