उघडं पितळ

नॉर्विचच्या एका जुन्या दवाखान्याच्या माळ्यावरून आलेली पेटी.
महोगनीची. किल्ली हरवलेली, बिजागऱ्या शाबूत.
आत मखमलीच्या खाचेत आडवा सूक्ष्मदर्शक,
जेवायला उठवायचं राहून गेलेल्या पाहुण्यासारखा.

नळीवर झोकदार अक्षरांत दुकानाचं नाव:
पेनिफोल्ड आणि पुत्र, लंडन.
पेनिफोल्डने आयुष्यात कानस धरली नसेल.
पुत्रांनी तर नाहीच.

मी पेच सोडवत गेले.
बारीक पेच, त्याहून बारीक पेच,
आणि दातेरी पट्टीच्या पाठीमागे,
जिथे बघायचं कुणालाच कारण नव्हतं,
सुईने ओरखडलेलं:
ओ. थ्रॉसेल. फेब्रुवारी. तेल गोठलंय.

एवढंच.

क्लर्कनवेलची एखादी पोटमाळ्यावरची खोली असेल.
मेणबत्तीपुढे पाण्याने भरलेला काचेचा गोळा,
उजेड एका नाण्याएवढ्या जागेवर आणून ठेवणारा.
पायाने लेथ, हाताने छिन्नी,
आणि डोळ्यात तेल घालून करायच्या कामाला
तेलच थिजलेलं.
तरी फिरकी अशी बसवलीय
की पिसवेचा पाय केसभर वर येतो, केसभर खाली जातो,
मध्ये कुठे अडखळत नाही.

खरा केसही आहे एक.
लाखेच्या थराखाली अडकलेला, लालसर, लांब.
कुंचल्याचा नाही. लाख चढवणाऱ्या बाईचा.
तिचं नाव कुठेच नाही, म्हणून मी केझाया म्हणते.
पितळ निखाऱ्यांवर तापवायचं,
हात एकदाच फिरवायचा, दुसऱ्यांदा फिरवला की डाग.
केस दिसला असणार तिला.
दुसरा हात नाही म्हणजे नाही.

मालक म्हणतात, घासून आरसा करा,
दर्शनी खिडकीत ठेवायचाय.
लाख निघाली की केस जाणार.
लाख जिथे झिजलीय तिथे पितळ उघडं पडलंय,
चार पिढ्यांच्या अंगठ्यांखाली.
खोटं काही निघालेलं नाही.

मी घासलं नाही. पैसे कापतील, कापोत.

पट्टीमागून चिमूटभर कीस सांडला होता,
तो काचेवर घेऊन
त्याच्याच भिंगाखाली धरला.
सोनेरी दरडी. प्रत्येक दरडीवर
कानशीचे तिरपे वार, एका दिशेचे.
डावखुरा होतास तर.

खिडकी उघडी आहे. थेंबभर तेल सोडलं,
ते आपणहून खाली उतरत गेलं.
जून आहे, थ्रॉसेल.