जाडीकडे चार, बारकीकडे तीन

रमजान लागला की जुफेरच्या हॉटेलातलं आमचं स्टेज
महिनाभर चादरीखाली जातं.
पगार निम्मा, जेवण चालू.
रॉडेल काड्या घेऊन गादीवर ठोकत बसतो,
मॅरिबेल मनिलाला.
जाताना म्हणाली, इनास,
जाड तारेवर तू हॉलभर असतोस,
वर चढलास की कुठे जातोस?

म्हणून आज गुदैबियाच्या खोलीत
बास पलंगावर आडवा,
मान उशीवर,
ताप आलेल्या पोरासारखा.

पट्टी नाही. असती तरी
या ट्यूबलाइटखाली तिच्यावरच्या रेघा
मला दिसल्या नसत्या.
पाकीट रिकामं केलं:
सीपीआर, एटीएम, हॉटेलच्या मागच्या दाराचं,
आणि जुन्या कफीलकडचं, बाद झालेलं,
ज्यावर मला मिशी आहे.
चार कार्डं एकावर एक,
झाले तीन मिलिमीटर, थोडं इकडे तिकडे.

तार शेवटच्या पडद्यावर दाबून धरायची.
प्रत्येक तारेखाली दोन लोखंडी डोळे.
तार आणि डोळे यांच्यामध्ये
जाडीकडे चार कार्डं जेमतेम जावीत,
बारकीकडे तीन.
बारकीखाली चारही गेली,
वर माझं बोट मावलं.

स्क्रू ढिला केला. पिकअप वर येईना.
खालचा स्पंज मेलेला,
अकरा वर्षांचा घाम पिऊन
हात लावताच भुगा.

'सरक,' शाकिर परकार म्हणाला.
खेडचा. दिवसभर गच्च्यांवर एसी उघडणारा,
मोटर नुसती ऐकून बेअरिंग गेलंय सांगणारा.
ओठ रोज्याने पांढरे.
पिशवीतून गाळणीचा काळा स्पंज काढला,
कात्रीने दोन तुकडे, आगपेटीएवढे.
खाली बसवले, आणि पिकअप
झोपेतून उठावा तसा वर आला.

'रोज्यात गाणा नको हां.'
गाणं नाही रे, मोजणी.
'मोजणी? मग वाजव.'
आणि भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून बसला.

एकच बोट, एकच जोर,
एकेका तारेला एकेकदा.
'पयली मोठी. दुसरी बरी. तिसरी बी.
चौथी बाजूच्या खोलीत हाय.'
पाव फेरा.
'दारात आली.'
पाव फेरा.
'चप्पल काढते.'
पाव.
'आता आली आत.'

इथे थांबायला हवं होतं.
मला ठाऊक आहे, फार जवळ आणलं
की चुंबक तारेला धरून ठेवतो,
हलू देत नाही पुरतं,
सूर मधोमध फाटतो.
तरी दर वेळी अर्धा फेरा जास्त देतोच मी.
'ही लंगडते,' शाकिर म्हणाला, मागे न वळता.
अर्धा फेरा परत दिला.
कार्डं सरकवली: तीन.
बाद झालेलं चौथं
तेवढंच हातात राहिलं, मिशीसकट.

खाली गल्लीत समोशांची कढई उकळली,
कुणाची तरी गाडी हॉर्नवर हॉर्न,
मग लांबून, समुद्राच्या अंगाने, तोफ.
काच थरथरली.
मी बासला हात लावला नव्हता,
तरी छोट्या अँपमधून
जाड तार एकटीच बोलली,
हळू, बराच वेळ.

शाकिरच्या तोंडात खजूर.
बोट वर करून त्याने मला थांबवलं,
ऐकलं शेवटपर्यंत,
बी तळहातावर काढली.
'जाडी अजून जरा मोठी हाय.'

मी पेचकस उचलला.
त्याने तो काढून घेतला
आणि त्या जागी एक खजूर ठेवली.
आधी ही.