चार मिनिटं

चोरिसांच्या माळा ओलांडून, शुक्रवारी, म्हापशाला
लिंदोल्फच्या दुकानात गेलो, तर त्याने काउंटरवर
पत्ते मांडावेत तशा तीन डब्या मांडल्या.
एकच सिनेमा. तोच नाताळ, तेच बर्फ,
तोच कुत्रा, ज्याला बाहेर विसरून घरातले सगळे जेवायला बसतात.

"ही साधी," तो म्हणाला. "ही रुंद पडद्याची,
वरखाली काळ्या पट्ट्या, पण कडेची माणसं कापलेली नाहीत.
आणि ही पंचविसाव्या वर्षाची, धुऊनपुसून काढलेली,
दोन चकत्या, दिग्दर्शकाची बडबड, गाळलेले प्रसंग,
शिवाय झाडाला टांगायला पत्र्याचा कुत्रा."
मग आवाज उतरवून:
"घे बाबा कुठलीही. चकत्या आता घेतंय कोण?"

मला एस्पेरान्साबाईंसाठी हवी होती.
हळदोण्याला त्यांची आमची भिंत एकच.
आमच्याकडे टीव्ही नव्हता. त्यांच्याकडे व्हीसीआरसुद्धा होता,
कारण कायतान तारवटी होता,
आणि म्हणूनच डिसेंबरात तो घरी नसायचा.

कुठल्याशा बंदरात टीव्हीवरून उतरवून
त्याने पाठवलेली ती कॅसेट.
मध्ये टायरची जाहिरात, मग साबणाची;
भाषा न कळता आम्हां पोरांना दोन्ही तोंडपाठ.
आणि ऐन शेवटाकडे, बाप आगगाडीतून उतरणार,
स्टेशनवर बर्फ, पोरं खिडकीला नाक लावून,
तेवढ्यात खर्रकन रेघा
आणि कायतान.

बोटीवरच्या खोलीत, पलंगाच्या कडेला, इस्त्रीचा शर्ट,
मागे गोल खिडकी, खिडकीत काहीच नाही.
कॅमेरा कुणा सोबत्याचा. कोरी कॅसेट मिळाली नाही म्हणे.
"हेय वर्सा येवंक जमना,"
एवढं सांगायला त्याने चार मिनिटं घेतली.
बेलार्मिनच्या सायकलीचं विचारलं, मागच्या छपराचं,
विहिरीच्या रहाटाचं. एकदा माझंही नाव घेतलं:
"शेजरच्या पुंडलीकाकय दोस दी."
पुन्हा रेघा. आणि सिनेमात सगळे टेबलाशी,
बाप मध्यभागी, कधी गेलाच नसल्यासारखा.

ती चार मिनिटं एस्पेरान्साबाई स्वयंपाकघरात असत.
नेवऱ्या करपतील म्हणत. दरवर्षी.
नेवऱ्या दुपारीच तळून डब्यात गेलेल्या असायच्या
हे ध्यानात यायला माझं लग्न व्हावं लागलं.

कायतान पुढे आला कायमचा,
पाच वर्षं बाल्कांवांत बसला, आणि गेला.
कॅसेटला यंदाच्या पावसाळ्यात बुरशी धरली.
पणजीचा माणूस म्हणाला, फीत चिकटलीय, ओढली तर तुटेल.

तिन्ही डब्यांच्या पाठीवर बारीक अक्षरात छापलं होतं: संपूर्ण.
मी तरीही उलटून पुन्हा पाहिलं.

साधीच घेतली. चौकोनी.
कडेची माणसं आम्ही कधी पाहिलीच नव्हती.
लिंदोल्फने पत्र्याचा कुत्रा पिशवीत फुकट टाकला.

चोवीसला, मिसेला निघायच्या आधी, लावली.
बाई ब्याऐंशीच्या, गुडघ्यावर शाल, पायांत मोजे.
आगगाडी आली. खर्र झालं नाही.
मीच उठलो, पाणी आणतो म्हणालो.
त्या बसूनच होत्या.

दारातून पाहिलं मी:
बाप उतरला. हातात छोटीशी पेटी,
टोपी वाऱ्याने उडाली ती त्याने उचललीसुद्धा नाही.

"तर हो येता," त्या म्हणाल्या.
मग बराच वेळ काही नाही.
मग, जरा रागानेच: "आणि इतका बारीक!
मी समजत होते, अंगाने भरलेला असेल."

परत लाव म्हणाल्या.
मी मागे नेलं, बोट जरा जास्तच दाबलं गेलं,
आणि जिथे टायरवाला यायचा
तिथे आता नुसतं बर्फ पडत होतं, पडत होतं.